स्फोट झालाच नव्हता, साहेब

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

मी हिंगोली जिल्ह्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. गेल्या विज्ञान दिनाला तालुक्यातल्या एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. सातवीतली एक मुलगी कल्पना चावलांवर बोलली, खडाखडा, न अडखळता. 'अंतराळात जाणाऱ्या पहिल्या भारतीय', 'परतताना यानाचा स्फोट झाला', 'नासाला सगळं ठाऊक होतं, पण लपवलं'. टाळ्या पडल्या. पोरीची काही चूक नाही. मोबाइलवर फिरणारं भाषणच तिला पाठ करायला दिलं होतं.

पहिले भारतीय राकेश शर्मा, 1984 साली. चावला भारतात जन्मलेल्या पहिल्या महिला, आणि यानात बसल्या तेव्हा त्या अमेरिकेच्या नागरिक होत्या. 'कल्पना-1' उपग्रह त्यांच्या स्मरणार्थ सोडला, असंही भाषणात होतं. तो सप्टेंबर 2002 मध्येच 'मेटसॅट' नावाने वर गेला होता. अपघातानंतर फक्त नाव बदललं. एवढ्या चुका खडू-डस्टरने निघतात.

स्फोटाचं तसं नाही. 1 फेब्रुवारी 2003, शनिवारची संध्याकाळ. गावात लाइट नव्हती, बातमी ट्रान्झिस्टरवर ऐकली आणि सोमवारी वर्गात मीही 'स्फोट' असंच सांगून मोकळा झालो. खरं कळायला मला पुढे बरंच वाचावं लागलं.

16 जानेवारीला चावलांचं यान 'कोलंबिया' उडालं. 82व्या सेकंदाला बाहेरच्या मोठ्या इंधन-टाकीच्या आवरणातला फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला लागला. वजन जेमतेम पाऊण किलो. फोमने पंख कसा फुटेल, असं पोरं हसून विचारतात. मोटारसायकलवर डोळ्यात चिलट शिरतं तेव्हा वेग चिलटाचा नसतो, आपला असतो. हलका फोम हवेत तिथल्या तिथे मंदावला आणि मागून येणारा पंख ताशी 800 किलोमीटरच्या वर वेगाने त्याला धडकला. कडेला भोक पडलं. परतीच्या वाटेवर त्या भोकातून तापलेली हवा आत शिरली, आतलं अ‍ॅल्युमिनियम वितळलं, पंख गेला आणि उतरायला 16 मिनिटं उरली असताना टेक्सासच्या आभाळात यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले. म्हणजे यान फुटलं ते स्फोटाने नाही; इंधनाची ती मोठी टाकी तर उड्डाणातच टाकून दिलेली होती.

आता 'लपवलं' याबद्दल. फोम लागल्याचं दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसलं. 23 जानेवारीला यानातल्यांना ईमेलने तसं कळवलंही, काळजीचं कारण नाही असं म्हणून. खालचे काही इंजिनिअर मात्र पंखाचे फोटो काढा म्हणून मागे लागले होते. तीनदा विनंती झाली, तीनदा ती बारगळली. कारण फोम आधीही निखळला होता, ऑक्टोबर 2002 मध्ये नासाच्याच 'अटलांटिस' या दुसऱ्या यानाच्या उड्डाणातसुद्धा, आणि यानं सुखरूप परत आली होती. चौकशी मंडळाने या सवयीला फोमइतकंच जबाबदार धरलं. नुकसान वेळीच कळलं असतं तर 'अटलांटिस' घाईने पाठवून सुटकेचा प्रयत्न करता आला असता, जोखमीचा का होईना, असंही नोंदवलं.

त्या शाळेत चावलांच्या फोटोला ताजा हार होता. फोटोपासून दहा पावलांवर स्विचबोर्ड, झाकण गायब, दोन वायरी बाहेर, चौथीतल्या पोराच्या खांद्याच्या उंचीवर. मी विचारलं. उत्तर आलं, "दोन वर्षं झाली की सर, काय होतंय त्याला!"

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या 28 फेब्रुवारीच्या आत सगळ्या शाळांना या अपघाताची दोन पानी, सोप्या मराठीतली नीट माहिती पाठवा. त्यात न काढलेल्या फोटोंची हकीकत गाळू नका. आणि त्याच परिपत्रकात शाळांमधले उघडे बोर्ड तपासायची तारीखही टाका.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की त्या सरांना नोटीस जाईल आणि बोर्ड उघडाच राहील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली