तो चावला नाही, तरीही

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवरचे बोलणे अर्धवट राहिले, कारण तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास : “आई, वाघ्या चावला नाही.” हे खरे आहे, आणि कोणी विचारले तर मीही तेच सांगेन. पण चावा नाही म्हणजे आपली जबाबदारीही नाही, असे जे तू धरून चालला आहेस ते कायद्यात बसत नाही. इतकी वर्षे इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली केल्यावर माझ्याच मुलाचा हा समज तसाच राहू देणे मला जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम घडले ते तुझ्या डोळ्यांसमोर नीट असू दे. दसऱ्याच्या सुट्टीत तू वाघ्याला, तुझ्या लॅब्राडोर कुत्र्याला, सकाळी रंकाळ्यावर घेऊन गेलास आणि शालिनी पॅलेसच्या बाजूला पदपथावर त्याचा पट्टा सोडलास. त्या वेळी तिथे फिरणाऱ्यांची, त्यातही वयस्कर माणसांची, किती वर्दळ असते हे तुला लहानपणापासून माहीत आहे. वाघ्या खेळण्याच्या भरात समोरून येणाऱ्या आपल्या शेजारच्या काकूंच्या अंगावर झेपावला, त्या मागे कोसळल्या, आधारासाठी टेकलेला उजवा हात मनगटात मोडला आणि शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. दिवाळी तोंडावर आली असताना त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचे कलम २९१ प्राणी बाळगणाऱ्याच्या हयगयीबद्दल आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असेल, आणि तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वीच्या कलम २८९ मध्ये हाच दंड एक हजारापर्यंत होता. या कलमात चाव्याचा उल्लेख कुठेही नाही. कायदा धोक्याविषयी आणि तुझ्या काळजीविषयी बोलतो. प्राण्याने दात लावले, पंजा मारला की नुसता धक्का दिला, हे तो विचारत नाही. जबर दुखापत कशाला म्हणायचे हे कलम ११६ सांगते, आणि हाड मोडणे त्यात स्पष्ट शब्दांत येते. निष्काळजी कृत्याने एखाद्याला अशी जबर दुखापत झाली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पोलीस कोणते कलम लावतील आणि न्यायालयात काय टिकेल हा पुढचा प्रश्न आहे. लॅब्राडोरसारख्या माणसाळलेल्या कुत्र्यापासून जबर दुखापतीची शक्यता कोणाला वाटेल, असा युक्तिवाद बचावाचा वकील नक्की करील, आणि तो अगदी पोकळही नाही.

पण तुझ्या बाबतीत तो कुठे अडतो ते पाहा. गणपतीत तू आलास तेव्हा याच वाघ्याने दूधवाल्याच्या छातीवर पाय ठेवून त्याला भिंतीला टेकवले होते, आणि “त्याला सवयच आहे, माणूस दिसला की उडी मारतो” असे तूच त्याला हसत सांगितले होतेस. प्राण्याची खोड मालकाला ठाऊक होती का, हा प्रश्न या विषयात फार जुना आहे. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत पाळीव प्राण्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी प्रामुख्याने या ठाऊक असण्यावरच ठरत असे. आपल्याकडे पाळीव कुत्र्याने केलेल्या इजेच्या भरपाईसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. दिवाणी न्यायालये त्याच परंपरेतून आलेल्या अपकृत्याच्या, म्हणजे दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देण्याच्या दिवाणी जबाबदारीच्या, तत्त्वांवर आणि विशेषतः निष्काळजीपणाच्या कसोटीवर निर्णय देतात.

या कसोटीचा एक चांगला नमुना १९३२ सालचा आहे. लंडनमध्ये रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीत एक कुत्रा कोंडलेला होता. त्याच्या उड्यांनी मागची काच फुटली आणि तिचा तुकडा शेजारून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यात गेला. त्याचा डोळा गेला, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या काळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, मालकाला जबाबदार धरले नाही, कारण असे काही घडेल हे कोणाही समंजस माणसाच्या मनात आले नसते. मात्र त्याच निकालात न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी हेही स्पष्ट केले की कुत्रा स्वभावाने गरीब असला तरी त्याच्यामुळे इतरांना इजा होऊ नये एवढी सर्वसाधारण काळजी घेण्याचे कर्तव्य मालकावर असतेच. मला हा निकाल दोन्ही बाजूंनी न्याय्य वाटतो. त्या मोटारमालकाला जे सुचणे शक्य नव्हते, ते रंकाळ्याच्या गर्दीत तीस किलोचा कुत्रा मोकळा सोडताना तुला सुचायला हवे होते.

तू अमेरिकेतल्या मित्राचा दाखला दिलास, की तिथे कुत्रा चावला तरच मालक अडकतो. हे अर्धेच खरे आहे. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचे कलम ३३४२ चाव्यापुरतेच आहे. तिथे मालकाची चूक सिद्धही करावी लागत नाही. पण चावा नसला तर जखमी माणसाचा हक्क संपत नाही, त्याला मालकाचा निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागतो इतकेच. फ्लोरिडात तर कुत्र्याने माणसाचे केलेले कोणतेही नुकसान मालकाच्या जबाबदारीत येते. इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यात कुत्रा इजा करील अशी रास्त भीती वाटणे एवढ्यानेही तो धोकादायकरीत्या ताब्याबाहेर ठरू शकतो, प्रत्यक्ष इजा झाली नाही तरी.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात पार्सल द्यायला गेलेला एक तरुण अंगावर आलेल्या जर्मन शेफर्डला घाबरून पळाला, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि पुढे मरण पावला. पोलिसांनी कुत्र्याच्या मालकावर गुन्हा नोंदवला. त्या मुलाच्या आईला कोणी “पण तो चावला नाही” असे सांगू शकेल का, याचा विचार कर.

तुझा दुसरा मुद्दा, की काकूंची हाडे आधीच ठिसूळ होती, मला अधिक खटकला. जखमी माणूस जसा असेल तसाच स्वीकारावा लागतो, हे अपकृत्याच्या कायद्यातले पक्के तत्त्व आहे. तरुण माणसाला नुसते खरचटले असते, ही सबब चालत नाही. त्यांचा स्वतःचा काही निष्काळजीपणा असता तर भरपाई त्या प्रमाणात कमी झाली असती, पण सकाळी पदपथावरून चालण्यात कसला निष्काळजीपणा? भरपाईत दवाखान्याचा खर्च येतो, पुढच्या उपचारांचा आणि फिजिओथेरपीचा येतो, बुडालेली कमाई येते आणि सोसलेल्या वेदनाही येतात. बुडालेल्या कमाईत या दिवाळीच्या ऑर्डरी सर्वांत मोठ्या असतील, कारण त्यांचे वर्षाचे गणित या महिन्यावर चालते.

वाघ्यासाठी तू विमा घेतला आहेस का ते कळव. पाळीव कुत्र्यांच्या काही पॉलिसींमध्ये त्रयस्थाला झालेल्या इजेचेही संरक्षण असते. तसे असेल तर कंपनीला आजच लेखी कळवायला हवे.

काकूंनी अजून तक्रार दिलेली नाही. द्यायची की नाही हा सर्वस्वी त्यांचा निर्णय आहे, आणि पैसे देताना तुझ्या तोंडून तक्रारीचा शब्दही निघू नये. तसे झाले तर ती भरपाई राहणार नाही, तोंड बंद करण्याची किंमत होईल. मी स्वतः या प्रकरणात तुझी वकील होणार नाही, कारण मी त्यांची शेजारीण आहे आणि त्यांची बाजू मला बरोबर वाटते.

दवाखान्याच्या बिलांच्या प्रती त्यांच्या मुलीकडून मागून घेऊन सोबत पाठवल्या आहेत. ऑर्डरींचा हिशोब त्यांनाच विचारून घे, आणि त्यात घासाघीस करू नकोस. येत्या रविवारी वाघ्याला तिकडेच ठेवून ये. आपण तिघे, तू, मी आणि तुझे बाबा, त्यांच्या घरी जाऊ. बोलायचे मात्र तुलाच आहे.

तुझी,
आई