फ्लायबोर्डचा गॅस कोणाच्या हातात आहे ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत कोकणातल्या वॉटर स्पोर्ट्सवर लेख आला होता, त्यात पॅरासेलिंग, बनाना राइड, स्कूबा सगळं होतं पण पाण्याच्या जोरावर उडायच्या फ्लायबोर्डबद्दल, जेटपॅकबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून लिहितेय. डिसेंबरात मी आणि माझा भाचा, दोघांनी गोव्यात हे करून बघितलं, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे.

आमच्या कुडाळात कोणाला सांगितलं की लोकांना वाटतं पाठीला सिलेंडर बांधून उडवतात. तसं काही नसतं. जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर, पळते तीच मुळी पाणी ओढून मागे फेकून. इथे ते मागे जाणारं पाणी एका जाड पाइपात घेतात, पाइप साधारण १८ मीटर लांब, आणि तो येतो तुमच्या पायाखालच्या बोर्डाला. बोर्डाखालच्या दोन नळ्यांतून पाणी जोरात खाली सुटतं आणि तुम्ही वर जाता, बस एवढंच. जेटपॅकमध्ये नळ्या खांद्यांजवळ असतात आणि माणूस पट्ट्यांनी बांधलेला असतो, त्यामुळे तोल सांभाळायला ते जरा सोपं. फ्लायबोर्ड काढला फ्रान्सच्या फ्रँकी झपाटाने २०११ मध्ये, तो स्वतः जेट स्कीच्या शर्यतींतला. (२०१९ ला तो इंग्लिश खाडी उडून पार झाला ते मशीन वेगळं, इंधनावर चालणारं, त्याचा पाण्याशी संबंध नाही, व्हॉट्सॲपवर दोन्ही एकच म्हणून फिरतं.)

आम्हाला ज्या मुलाने उडवलं त्याने आधी पंधरा मिनिटं वाळूतच उभं केलं. गुडघे ताठ ठेवा ताई, वाकवलेत की गेलात, नजर समोर, पायाकडे बघायचं नाही, तोल गेला तर पाइप आणि जेट स्की सोडून मोकळ्या पाण्यात पडा. बुटांचे पट्टे त्याने स्वतः ओढले, मी पाण्यात उतरल्यावर परत एकदा ओढले. मग पालथं पडून राहायचं, तो जेट स्कीवरून गॅस देतो, म्हणजे ॲक्सिलरेटर ओढतो, पाइपात पाणी भरतं आणि तो पाण्याखाली थरथरायला लागतो, ती थरथर थेट पोटऱ्यांपर्यंत येते. तीनदा पडले, नाकातोंडात खारं पाणी गेलं. चौथ्यांदा उभी राहिले आणि हळूहळू वर गेले, आमच्या घराच्या माडीएवढी तरी. समोर शापोऱ्याचा किल्ला, खाली वाळूवर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं, आणि एक घार माझ्या बरोबरीने, माझ्याच उंचीवर जात होती. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात असं काही अनुभवलं नव्हतं, खरंच सांगते.

पण त्या पूर्ण वेळात गॅस माझ्या हातात नव्हता. तो होता जेट स्कीवर बसलेल्या त्या मुलाच्या हातात. मी कलले की तो थोडा कमी करायचा, मग मी आदळायची नाही, अलगद पाण्यात बसायची. त्याची नजर एकदासुद्धा माझ्यावरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला परत करायचं होतं म्हणून आम्ही दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो, तिथे पैसे कमी होते. ओहोटी लागलेली, शिकवणं काही नाही, हेल्मेटचा क्लिप तुटका, आणि गॅसवरचा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाशी भाव करत होता. भाचा वर गेला, कलला, आणि गॅस कमी न होता एकदम बंद झाला. तो पाय खाली करून पडला म्हणून वाचला. टाच वाळूला लागली, घोटा तीन आठवडे सुजलेला. डोक्यावर पडला असता तर? मी ओरडले तर म्हणतात ओहोटीला होतं असं.

हे सगळं आज ना उद्या आपल्या मालवण-तारकर्लीला येणार, आणि यायलाच हवं, आपल्या पोरांना चार पैसे मिळतील. पण तारकर्लीत मे २०२२ मध्ये बोट उलटून दोन पर्यटक गेले ते आम्ही इथली माणसं विसरलेलो नाही. मेरिटाइम बोर्ड परवाना देतं तो धंद्याला. माझं म्हणणं आहे की फ्लायबोर्डला गॅसवर बसणाऱ्या माणसाचा वेगळा परवाना असावा, नावानिशी. ओहोटीला तिथे पाणी किती असतं ते मोजून फळ्यावर लिहावं आणि चार मीटरच्या खाली भरलं तर त्या वेळी कोणाला उडवू नये. शिकवायची सोय तर आपल्या दारात आहे, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था, गोव्यात केंद्राची वॉटर स्पोर्ट्सची संस्था, तिथे पोरांना पाठवा, फी सरकारने भरावी.

शापोऱ्याच्या त्या मुलाला मी विचारलं होतं, हे कुठे शिकलास. म्हणाला, पहिले दोन सीझन नुसता पाइप गुंडाळायचो ताई, गॅसला हात लावू देत नव्हते.

आपली,
एक वाचक, कुडाळ