साहेब वेगळा, सुपरवायझर वेगळा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, ‘इतकी वर्षं तुरुंगात मानसोपचाराचं काम करतेस, तरी डोक्यावर सुपरवायझर कशाला?’ असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

सुपरवायझर म्हणजे साहेब नव्हे; ज्याच्यासमोर आपल्या केसेस ठरलेल्या वेळी मोकळेपणानं मांडायच्या, तो अनुभवी सहकारी. या बैठकांनाच सुपरव्हिजन म्हणतात. साहेब रजा आणि बढती बघतो. त्याच्यासमोर ‘या कैद्याची मला भीती वाटते’ असं कोण म्हणेल? म्हणून ही दोन कामं एकाच माणसाकडे नसावीत. समुपदेशनाच्या ब्रिटिश प्रशिक्षक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी ऐंशीच्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं मांडली: कामाचा दर्जा आणि नीतिनियम सांभाळणं, शिकवणं, आणि काम करणाऱ्याला सावरणं. तुरुंगात किंवा गुन्हा घडलेल्या रुग्णांच्या वॉर्डात तिसऱ्यालाच आधी कात्री लागते, कारण कोर्टाच्या तारखा थांबत नाहीत.

बैठक साधारण तासाभराची, आठवड्याला किंवा पंधरवड्याला. एकदोन केस पुरतात. आठवणीवर बोलायचं नाही, आठवण आपल्या बाजूनं बोलते. रेकॉर्डर आत नेता येत नसेल तर मुलाखत संपताच दहा मिनिटं बसून संवाद जसाच्या तसा उतरवायचा.

समजा, एखाद्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलंय, ‘पश्चात्ताप दिसत नाही.’ सुपरवायझर त्या ओळीवर बोट ठेवतो: रुग्ण नेमकं काय म्हणाला? मी सांगते: मान खाली, एका शब्दाची उत्तरं. गोळ्यांची गुंगी होती का? दारात शिपाई उभा होता का? मग ती ओळ खोडून जे दिसलं तेवढंच लिहायचं. त्या ओळीत बहुधा रुग्णापेक्षा गुन्ह्याची फाइल वाचून आलेली किळसच जास्त असते. उलटंही होतं. रुग्ण गोड बोलतो आणि फाइल विसरली जाते.

रुग्ण पुढे हिंसा करण्याचा धोका किती, याच्या मूल्यांकनात हे फार बाधतं. त्यासाठी वापरतात त्या एचसीआर-२० या यादीत २० मुद्दे असतात: १० भूतकाळाचे, ५ सध्याच्या स्थितीचे, ५ पुढच्या व्यवस्थेचे. भूतकाळाचे सहसा हलत नाहीत. आपली आवड-नावड शिरते ती उरलेल्या दहांत. म्हणून दोघांनी आधी वेगवेगळं मूल्यांकन करायचं, मग ताडून बघायचं. फरक पडला तर चर्चा तिथेच.

आणखी एक गंमत, अमेरिकन मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच टिपलेली: रुग्ण-थेरपिस्टमधलं नातं सुपरव्हिजनच्या खोलीतही उमटतं. रुग्ण थेरपिस्टला गुपितात ओढतो, आणि थेरपिस्ट सुपरवायझरला म्हणतो, ‘हे लिहू नका हं.’ तिथे कान टवकारायचे. मर्यादा एका दिवसात मोडत नाहीत. आधी दहा मिनिटं जास्त, मग ‘एवढं पत्र तेवढं पोस्टात टाका.’ म्हणून दर वेळी एक प्रश्न ठरलेला: या केसमधलं टीमला न सांगितलेलं काय आहे?

आई, तू झोपेबद्दल विचारलंस. ती उडू नये म्हणूनच वॉर्डात मारहाण झाली की नेहमीच्या तारखेची वाट बघायची नाही, दोनतीन दिवसांत वेगळी बैठक घ्यायची आणि त्यात रिपोर्ट उघडायचा नाही. कामाच्या गर्दीत बैठक रद्द झाली तर पुढची तारीख त्याच दिवशी ठरवायची. सलग दोन बुडाल्या की ती बंदच पडते, हे ठरलेलं.

दर गुरुवारी तीन ते चार माझा फोन बंद असतो. त्या वेळात काळजी करू नका, चारनंतर मीच करीन.

तुमची,
लेक