मंत्रिमहोदय, कर्झनने पाहिले तसे एकदा जाऊन पाहा

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातली निवृत्त इतिहासशिक्षिका. तीस वर्षे मुलांना 1905 ची वंगभंगाची चळवळ शिकवली. लॉर्ड कर्झन हे नाव आमच्या वर्गात नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असायचे, आणि ते योग्यच होते. (दरवर्षी एक दुरुस्तीही करावी लागे. मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये 1909 साली गोळ्या घातल्या तो कर्झन वायली वेगळा, व्हाइसरॉय कर्झन वेगळा.) पण आज याच माणसाचे एक काम आपल्यापुढे ठेवायचे आहे.

जॉर्ज नथॅनियल कर्झन 1859 साली डर्बीशरमधल्या केडल्स्टनच्या सरदारघराण्यात जन्मला. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डला, 1886 पासून हुजूर पक्षाचा खासदार. तरुणपणीच पाठीचा कणा दुखावला आणि पुढचे सारे आयुष्य त्याने पाठीला पोलादी पट्टा बांधून काढले. तसल्या पाठीने तो इराण आणि मध्य आशिया फिरला. चाळिशीच्या आत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

त्याचा अहंकार आपल्या लोकांनी भोगला आहे. 1899-1900 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात माणसे आणि गुरे मरत होती, तेव्हा मदतीत सरकारचा हात सैल सुटू नये याची त्याला चिंता होती. लोकांनी एवढा विरोध करूनही त्याने बंगाल तोडला. 1905 च्या दसऱ्याला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली ती त्याच संतापातून. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष म्हणून बोलताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच्या कारभाराला औरंगजेबाच्या कारभाराची उपमा दिली. गोखले शब्द तोलून वापरणारे होते.

तरीही 1899 ते 1905 या काळात त्याने देशातल्या जुन्या वास्तूंसाठी जे केले, ते त्याच्याआधी कोणत्याही व्हाइसरॉयने केले नव्हते. तो स्वतः जाऊन बघायचा. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी आज जग बघायला येते, तिथे तेव्हा तहसीलदाराची कचेरी होती. विजापूरच्या एका मशिदीत डाकबंगला, दुसरीत पोस्ट. ही दोन्ही शहरे तेव्हा मुंबई इलाख्यातली. लाहोरच्या मोती मशिदीत सरकारी खजिना. हे सगळे त्याने बाहेर काढायला लावले. पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकाचे पद कित्येक वर्षे गुंडाळून ठेवलेले होते. 1902 साली त्याने ते पुन्हा उभे केले आणि त्यावर पंचवीस-सव्वीस वर्षांच्या जॉन मार्शलला आणून बसवले. मग 1904 चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आला. संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या काळी पाच हजार म्हणजे केवढी रक्कम!

आता मला लाज वाटते ती गोष्ट लिहिते. स्वतंत्र भारताने 1958 साली नवा कायदा केला, त्यातही हाच आकडा ठेवला, आणि 2010 च्या दुरुस्तीपर्यंत तो तसाच राहिला. एका शतकात पाच हजारांची किंमत कुठल्या कुठे गेली, तरी आपल्या लेण्यांची आणि देवळांची किंमत कागदावर तेवढीच. 2010 मध्ये दोन वर्षे कैद आणि एक लाख दंड झाला, स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतची बांधकामबंदी कायद्यातच घातली गेली, हे चांगलेच झाले. पण 2013 साली सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने आपल्या खात्याची तपासणी केली तेव्हा 92 संरक्षित स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. त्यांतली बरीचशी पुढे शोधून काढली असे सरकारने सांगितले, तरी काही अजून सापडलेली नाहीत. कायदा असताना वास्तू हरवते, याचा अर्थ तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकलेले नाही.

माझ्या शाळेपासून दीड तासावर एक जुने दगडी देऊळ आहे. दरवर्षी मी मुलांना तिथे नेत असे. एका वर्षी मंडपाच्या कोपऱ्यातला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड, दिसला नाही. पहारेकरी म्हणाला, "बाई, मी तीन ठिकाणं सांभाळतो. इथं गुरुवारी येतो." मी एका कार्यालयात लेखी विचारले, की या देवळात नोंदलेल्या शिळा किती आणि शेवटची पाहणी कधी झाली. उत्तर आले, माहिती अंतर्गत स्वरूपाची आहे. एका वीरगळाची माहिती अंतर्गत! ज्याच्यासाठी तो दगड उभा केला, त्याचे वंशज कदाचित माझ्याच वर्गात बसलेले असतील.

इथे मला कर्झनचा दुसरा कायदा आठवतो. स्मारकांचा कायदा झाला त्याच 1904 साली त्याने सरकारी गुपितांचा कायदा कडक केला. लष्करी माहितीच्या पंक्तीला साधा मुलकी कारभारही नेऊन बसवला. कौन्सिलात गोखले त्याविरुद्ध उभे राहिले होते. आम्ही स्मारकांचा कायदा जेमतेम पाळला. झाकून ठेवायची सवय मात्र पुरती उचलली.

म्हणून माझे मागणे एकच आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक केंद्र-संरक्षित स्मारकाचे पाहणीपत्रक दरवर्षी मराठीत जाहीर करा. वास्तूची हद्द, तिथल्या शिळा आणि मूर्ती यांची छायाचित्रांसह यादी, पहारेकरी कोणत्या दिवशी असतो, शेवटची डागडुजी कधी झाली, एवढेच. ते पत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले तर गावचे लोकच राखण करतील. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. सुरुवात हवी तर रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्गापासून करा. पण यादीत नसलेल्या, गुरुवारीच उघडणाऱ्या देवळापर्यंत या.

ऑगस्ट 1905 मध्ये सरसेनापती किचनरशी झालेल्या भांडणात कर्झनने राजीनामा दिला. नोव्हेंबरात मुंबईच्या भायखळा क्लबात निरोपाचे भाषण करून तो बोटीत बसला. पुढे परराष्ट्रमंत्री झाला, पण 1923 साली पंतप्रधानपद बॉल्डविनकडे गेले आणि तो दुखावला. मात्र इंग्लंडात गेल्यावरही त्याने ही एक आवड सोडली नाही. टॅटरशल किल्ल्यातल्या मध्ययुगीन दगडी चुली उचकटून विकल्या जात होत्या. 1911 साली त्याने तो किल्ला स्वतः विकत घेतला, चुली शोधून परत आणून बसवल्या आणि मृत्युपत्राने किल्ला नॅशनल ट्रस्टला दिला.

आमच्या मंडपाच्या कोपऱ्यात वीरगळाच्या जागी चौकोनी खाच राहिली आहे. मोजमाप माझ्याकडे आहे, 1998 साली मुलांनी सुतळीने घेतलेले. आपले अधिकारी आले तर ते आणि तेव्हाचे छायाचित्र मी त्यांच्या हाती देईन.

आपली,
एक निवृत्त इतिहासशिक्षिका