१२०० तासांचा हिशेब मांडून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत म्युझिक थेरपी, म्हणजे संगीतातून उपचार, शिकू पाहणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलांना तुम्ही रविवार काढून वेळ दिलात. आभार चारचौघांतच मानावेत म्हणून हे उघड पत्र. तुम्ही सांगितलेलं इतरांच्याही कामी येईल.

सगळ्यात मोठी गाठ सुटली ती तासांची. पदवीसाठी १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. किमान १८० तास इंटर्नशिपच्या आधी, किमान ९०० इंटर्नशिपमध्ये. बेरीज करावी तर १०८०! उरलेले १२० कुठल्याही बाजूला जोडता येतात, एवढी साधी गोष्ट कुणी सांगत नव्हतं. पूर्णवेळ इंटर्नशिपला साधारण सहा महिने जातात आणि ती बहुधा बिनपगारी असते. तेव्हाचं घरभाडं आधीच खर्चात धरा, हेही तुम्हीच बजावलंत.

विशारद झालेल्यांना तुम्ही उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नाहीत. विद्यापीठाची संगीत पदवी असेल, तर समकक्षता अभ्यासक्रमातून थेरपीचे व जोडविषय आणि इंटर्नशिप पुरी करून तिथल्या प्रमाणपत्र परीक्षेला बसता येतं. विशारदचं प्रमाणपत्र मात्र तिथे पदवी म्हणून चालेलच असं नाही. त्याचं मूल्यांकन आधी करून घ्यायचं. गळा कितीही तयार असो, गिटार, पियानो आणि तालवाद्यांवर साथ करता यायला हवी. आपण जन्मभर आपल्या पट्टीत गातो, इथे पट्टी समोरच्याची. आजींचा आवाज वर पोचत नसेल तर गाणं तिथल्या तिथे खाली उतरवायचं, आणि नजर बोटांवर नाही, आजींच्या चेहऱ्यावर.

‘अमका राग अमक्या रोगावर’ हे वाक्य अर्जातून खोडायला लावलंत, ते फार बरं केलंत. त्याऐवजी पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णाचं चालणं ठेक्यावर कसं सुधारायचं ते समजावलंत. आधी मिनिटाला पडणारी पावलं मोजायची. ९० असतील तर मेट्रोनोमही (ठेका देणारं यंत्र) ९० वर. पाऊल ठेक्यावर बसलं की ५ ते १० टक्के वाढ, म्हणजे ९५ ते ९९. एकदम १२० लावला तर पाय मागे राहतात नि तोल जायची भीती. शेवटी ठेका हळूहळू काढून घ्यायचा, चाल टिकते का पाहायचं, पुन्हा मोजायचं. नोंदवहीत हे आकडे हवेत; ‘रुग्णाला प्रसन्न वाटलं’ एवढ्याने भागत नाही.

अमेरिकेतली ही प्रमाणपत्राची परीक्षा ३ तासांची, १५० प्रश्नांची. गुण १३० प्रश्नांनाच, पण चाचणीपुरते २० कोणते ते कळत नाही, म्हणून एकही सोडायचा नाही. पुढे प्रमाणपत्र टिकवायला दर ५ वर्षांनी पुढच्या शिक्षणाचे १०० क्रेडिट. काही राज्यांत परवाना वेगळा.

ब्रिटनचा विचार करणारीलाही तुम्ही वाऱ्यावर सोडलं नाहीत: तिथे पदव्युत्तर पदवी आणि एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी, त्याशिवाय ‘म्युझिक थेरपिस्ट’ म्हणवून घेणंच बेकायदा. आपल्याकडे या नावाला असं कायद्याचं कुंपण नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावतो.

दोघांनी गिटारचा वर्ग धरला आहे. एफ कॉर्डला तर्जनी अजून नीट दबत नाही. तोवर तुम्ही सुचवल्याप्रमाणे कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पट्टी बदलणं चालू आहे.

आपले कृतज्ञ,
गायन वर्गातील शिक्षक