कोरा सेल आणि निरंक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेत मी गेली अठरा वर्षे लेखनिक आहे. नौकांच्या फेऱ्या, उतरलेल्या मासळीचे वजन, डिझेल परताव्याची प्रकरणे अशा नोंदी ठेवण्यात माझा दिवस जातो. गेल्या वर्षी आमच्या जुन्या वह्या एक्सेलमध्ये चढवण्याचे काम झाले आणि त्यात कोऱ्या सेलने, म्हणजे तक्त्यातील रिकाम्या चौकटीने, आम्हांला जो घोळ दाखवला, तो अन्य संस्था, ग्रामपंचायती व शाळांतही होत असणार, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हाताने लिहिलेल्या वहीत न लिहिण्याचेही प्रकार असतात. आमच्याकडे नौकेचे नाव त्या पानावर एकदाच लिहिले जाई आणि खालच्या ओळींत दोन उभ्या रेघा मारल्या जात, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. नौका समुद्रात जाऊन जाळे रिकामे परत आले, तर वजनाच्या रकान्यात 'निरंक' लिहिले जाई. (पूर्वीच्या लेखनिकांना हा शब्द लिहिणे जिवावर येई, कारण तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, समोर उभा राहून वही बघत असे.) वजन करणारा माणूस आला नाही किंवा चिठ्ठी भिजून वाचता येईना, तर ती जागा कोरी राही. संगणकावर नोंदी चढवणाऱ्या मुलाने या तिन्ही जागा सारख्याच रिकाम्या सोडल्या. त्याला दोष देता येत नाही. वह्या हाती देताना खुणांचा अर्थ त्याला सांगायला हवा होता आणि ते काम माझे होते.

पुढे वरून निरोप आला की, पाठवलेल्या तक्त्यात एकही सेल रिकामा राहता कामा नये. मुलाने सगळे कोरे सेल निवडले आणि एका झटक्यात शून्य भरले. तक्ता नीटनेटका दिसू लागला, पण आकडे मात्र बिघडले. एका नौकेच्या सहा फेऱ्यांचे वजन ४०, ५५, कोरे, ३५, कोरे आणि ५० किलो असे होते. एक्सेलमधील सरासरीचे सूत्र कोरा सेल मोजत नाही, म्हणून १८० किलोला चारने भागून ४५ हे उत्तर येत होते. कोऱ्या जागी शून्य पडताच तेच सूत्र सहाने भागू लागले आणि सरासरी ३० वर आली. जाळ्यात तितकीच मासळी लागली होती, तरी कागदावर एक तृतीयांश मासळी बुडाली. उलट, निरंकच्या फेऱ्या कोऱ्या राहिल्या असत्या तर सरासरी खोटीच फुगली असती, हेही खरे.

काही कोऱ्या जागा तर निरंकही नव्हत्या आणि राहून गेलेल्याही नव्हत्या. जून-जुलैच्या पावसाळी बंदीत यांत्रिक नौका बंदरातच असतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या दिवसांत नौका खाडीत आणून बांधल्या होत्या. मार्च २०२० अखेर टाळेबंदी लागली, तेव्हाचीही पाने कोरी आहेत. या दिवसांपुढे शून्य लिहिणे म्हणजे नौका गेली होती आणि हात हलवत परत आली, अशी खोटी साक्ष देणे होय. तिथे 'बंदी', 'वादळ' असे कारणच लिहायला हवे आणि ते वजनाच्या रकान्यात नव्हे, तर शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात.

नौकेच्या नावाचे तसे नाही. तिथली कोरी जागा वरच्या नावानेच भरली पाहिजे, नाहीतर फिल्टर लावून एकाच नौकेच्या ओळी मागितल्या, तर तिची पहिलीच ओळ तेवढी दिसते. त्यासाठीची रीत सोपी आहे. फक्त नावाचा रकाना निवडावा, एफ-५ दाबून 'स्पेशल'मधून 'ब्लँक्स' घ्यावे, बरोबरचे चिन्ह टंकून वरचा बाण दाबावा आणि कंट्रोल धरून एंटर करावे. निवडताना वजनाचा रकानाही सोबत आला, तर कालचे बांगडे आज पुन्हा उतरतात, एवढे भान ठेवावे.

इथे आणखी एक खाच आहे आणि तिने माझे दोन दिवस खाल्ले. अशा रीतीने भरलेल्या सेलमध्ये नाव नसते, 'वरच्या सेलात जे असेल ते' असे सूत्र असते. मी तक्ता वजनाच्या क्रमाने लावला, तशा ओळी वरखाली झाल्या आणि प्रत्येक सूत्र आपल्या नव्या शेजाऱ्याचे नाव घेऊन बसले. एकाची सुरमई दुसऱ्याच्या नावावर गेली. परताव्याच्या कागदांशी ताळा जमेना, तेव्हा कुठे हे लक्षात आले. म्हणून नावे भरून झाली की तो रकाना लगेच कॉपी करून त्याच जागी 'पेस्ट स्पेशल'मधील 'व्हॅल्यूज' म्हणून चिकटवावा आणि मगच क्रम लावावा.

काही सेल कोरे दिसतात, पण त्यांत कोणीतरी स्पेसबार दाबलेला असतो. असा सेल 'ब्लँक्स'मध्ये निवडला जात नाही आणि वरची सारी भरणी तिथे तुटते.

अंदाजाने जागा भरण्याला माझा सरसकट विरोध नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थाही निवडक बंदरांवरील निवडक दिवसांच्या नमुन्यावरूनच एकूण मासळीचा अंदाज बांधते, पण त्यामागे ठरलेली पद्धत असते आणि आकडा अंदाजाचा आहे हे लपवलेले नसते. आदल्या-नंतरच्या फेरीची सरासरी काढून कोऱ्या जागेत गुपचूप बसवणे हे त्यात बसत नाही. बसवायचीच असेल, तर शेऱ्यात 'अंदाजे' असे लिहावे.

आम्ही आता मूळ तक्ता तसाच राखून त्याच्या प्रतीवर दुरुस्ती करतो आणि वजनापुढे शेऱ्याचा एक रकाना ठेवतो. वजनाचा आकडा नसेल तेव्हा त्यात 'निरंक', 'बंदी', 'वादळ' किंवा 'नोंद नाही' यांपैकी एक शेरा यादीतून निवडावा लागतो. 'निरंक' असेल तरच वजनात शून्य पडते, बाकी ठिकाणी वजन कोरेच राहते. माझी विनंती एवढीच आहे की, ज्या कार्यालयांकडून आम्हांला कोरे नमुने येतात, त्यांनी त्या नमुन्यांतच असा रकाना द्यावा आणि 'एकही सेल रिकामा नको' ही अट काढून टाकावी. १ ऑगस्टला नव्या हंगामाच्या नोंदी सुरू होतात; त्याआधी सुधारित नमुना मिळाला, तर जुन्या वह्यांतील उरलेली पानेही त्यातच चढवता येतील.

आपला,
मच्छीमार संस्थेतील एक लेखनिक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग