पाणबुड्याचा दुसरा रेग्युलेटर: साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सातारा

विषय: बचाव पथकांसाठी स्कुबा संच घेताना पर्यायी श्वसनाची सोय कशी असावी, याबाबत

महोदय,

माहुलीच्या संगमावर किंवा कराडच्या प्रीतिसंगमावर कोणी बुडाले की पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून एनडीआरएफची तुकडी येईपर्यंत पाण्यात उतरतात ती इथलीच माणसे. ट्रेकर्स असतात, नदीकाठचे पट्टीचे पोहणारे असतात. गळ टाकून आणि श्वास रोखून ती शोध घेतात. अशा पथकांना स्कुबा संच, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून पाण्याखाली श्वास घेण्याचे साहित्य, द्यावेत, हे माझे जुने मत आहे. पण जिल्हा नियोजन समितीचा निधी मिळाला आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून सर्वांत कमी दराचा ‘संपूर्ण संच’ आला, तर त्यात एक गोष्ट हमखास चुकीची येईल. म्हणून हे पत्र.

सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो फर्स्ट स्टेज. तो २०० बारचा दाब (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, एवढ्यावर आणतो. त्यातून श्वासासाठी दोन होज, म्हणजे नळ्या, निघतात. एकाच्या टोकाचा सेकंड स्टेज, म्हणजे श्वास घ्यायचा रेग्युलेटर, डायव्हरच्या तोंडात असतो. दुसऱ्याच्या टोकाचा, बहुधा पिवळा, छातीजवळ अडकवलेला असतो. त्याला ऑक्टोपस म्हणतात. निविदेत तो ‘स्पेअर’ म्हणून लिहिला जातो आणि वाचणाऱ्याला वाटते, डायव्हरची सोय झाली.

तशी ती झालेली नसते. ऑक्टोपस असतो सोबत्यासाठी. तारकर्ली-मालवणला डायव्हर जोडीने उतरतात, एकमेकांना दिसतात. एकाची हवा संपली की दुसरा आपला पिवळा त्याला देतो आणि दोघे मिळून वर येतात. ही पद्धत समुद्रात चांगलीच आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. अशा पाण्यात शोध घेताना दोरीला बांधलेला एकच माणूस खाली जातो. एक जण काठावर दोरी धरतो, दुसरा राखीव डायव्हर कपडे चढवून तयार बसतो. दोघे एकदम उतरले तर एकमेकांच्याच दोऱ्यांत गुंततात. म्हणजे खाली सोबती नसतो. डायव्हरचा फर्स्ट स्टेज गाळाने बिघडला किंवा सिलिंडर रिकामा झाला, तर तोंडातला आणि छातीवरचा असे दोन्ही सेकंड स्टेज एकदमच बंद पडतात. विजेच्या एकाच डीपीवर दोन मोटारी जोडल्यासारखे आहे हे. डीपी जळाला की दुसरी मोटार असून उपयोग नाही.

म्हणून पहिली मागणी: खाली जाणाऱ्या प्रत्येकाला ३ लिटरचा वेगळा छोटा सिलिंडर द्यावा. त्याला पोनी म्हणतात. त्याचा फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि दाबमापक सगळे स्वतंत्र हवे. २०० बारला ३ लिटरमध्ये ६०० लिटर हवा मावते. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो असे धरू. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणजे ८० लिटर. हिशेबाने साडेसात मिनिटे मिळतात. केबलीत अडकलेला पाय सोडवून दोरीने वर यायला तेवढा वेळ पुरावा. ही हवा शोधकामात वापरायची नाही, हे मात्र पथकात ठणकावून सांगावे लागेल. पोनीचा व्हॉल्व्ह काठावरच उघडावा आणि दोरी धरणाऱ्याने दाब वाचल्याशिवाय डायव्हरला सोडू नये.

दुसरी मागणी मांडणीची आहे, आणि तिला पैसे जवळजवळ लागतच नाहीत. पोनीचा सेकंड स्टेज आखूड होजवर, रबरी दोरीच्या माळेत, हनुवटीखाली असावा. क्लिपला लटकणारा होज नदीत कशालाही अडकतो. पाणीउपशाच्या मोटारींच्या केबली, पाइप, फाटकी जाळी, पुरात वाहून आलेल्या फांद्या, तळाशी काय नसते! शिवाय तळावर घासणाऱ्या माउथपीसमध्ये चिखल भरतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी पहिला श्वास गाळाचा. माळेतला रेग्युलेटर हात न लावता, नुसती मान खाली करूनही तोंडात घेता येतो.

राखीव डायव्हरचे गणित निराळे. त्याला दुसऱ्याला हवा द्यायची असते. त्याच्या मुख्य रेग्युलेटरला ५ फुटी होज असावा आणि तोंडातलाच काढून त्याने द्यावा; स्वतः माळेतला घ्यावा. काही प्रशिक्षकांना हे पटत नाही. मला पटते, कारण तोंडातला चालू आहे हे त्या क्षणी नक्की माहीत असते, आणि गुदमरलेला माणूस बहुतेक वेळा त्यालाच झडप घालतो.

खरेदीच्या अटींत एवढे लिहून घ्यावे: फर्स्ट स्टेज डायाफ्राम पद्धतीचा आणि बाहेरून सीलबंद, म्हणजे आत गाळ जाणार नाही. पर्यायी रेग्युलेटर म्हणून चाचणी झालेल्या उपकरणावर ‘ईएन २५०ए’ ही युरोपीय मानकाची खूण असते, ती पाहावी. पोनीचा सेकंड स्टेज साधा असला तरी चालेल, श्वास ओढायला फार हलका नको. प्रवाहात तसा सेकंड स्टेज आपोआप हवा सोडत बसतो. सिलिंडरला पेसोची, म्हणजे केंद्राच्या स्फोटके सुरक्षा संस्थेची, मान्यता लागेलच. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क आणि मुख्य सिलिंडरवरून पोनीच्या हवेवर जाण्याचा ब्लॉक ही याहून चांगली सोय आहे, पण तिचे प्रशिक्षण आणि देखभाल महाग. ती पुढच्या टप्प्यात पाहावी.

के.टी. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या बरग्यांपाशी, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्यांपाशी, मात्र यातले काहीच कामाला येणार नाही. फटीतून ओढणारे पाणी माणसाला चिकटवून ठेवते. तिथे आधी विसर्ग थांबवायचा आणि मगच डायव्हर सोडायचा, असा लेखी आदेश आपणच काढू शकता.

वार्षिक सर्व्हिसिंगची रक्कम खरेदीच्याच प्रस्तावात धरावी. नाहीतर दुसऱ्या वर्षी संच तहसीलच्या गोदामात जातात. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. मूलभूत प्रशिक्षण तिथे होऊ शकते. दोरीवरचे, अंधारातले काम त्यानंतर वेगळे शिकवावे लागेल.

आणि माल ताब्यात घेण्यापूर्वी एक चाचणी ठेवावी. पथकातल्या डायव्हरला संच चढवून, मास्कला आतून काळा कागद लावून जलतरण तलावात उतरवावे. पुरवठादाराचा माणूस काठावर उभा असावा. न सांगता मुख्य सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. प्रशिक्षक हाताच्या अंतरावर असावाच. डायव्हरला पोनीचा रेग्युलेटर पहिल्याच हालचालीत सापडला नाही, तर ती मांडणी बदलून मगच बिल मंजूर करावे.

आपला विनम्र,
कराडचा एक डायव्हर